मध्ययुगीन किल्ल्यातली पंगत: मेडिव्हल टाइम्सला जाताना या चुका टाळा

अमेरिकेत मुलाकडे किंवा लेकीकडे गेलेल्या आई-वडिलांना नायगारा आणि स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दाखवून झाला, की एखाद्या शनिवारी कुठे न्यावे या चर्चेत मेडिव्हल टाइम्सचे नाव कोणीतरी काढतेच. किल्ल्यासारखी बांधलेली इमारत, आत वाळूचे मोठे रिंगण, रिंगणात घोड्यांवरून भाले रोखून एकमेकांवर धावून जाणारे सहा सरदार आणि सभोवार चढत्या पायऱ्यांवर मांडलेल्या लांबच लांब टेबलांशी बसून जेवता जेवता आपल्या रंगाच्या सरदाराच्या नावाने ओरडणारे प्रेक्षक, असे या खेळाचे स्वरूप आहे. ही कल्पना मूळची स्पेनमधली. अमेरिकेतला पहिला किल्ला १९८३ साली फ्लोरिडातील किसिमी या गावी उभा राहिला आणि पुढे ही साखळी अमेरिकेतल्या अन्य राज्यांत व कॅनडात टोरांटोला पोहोचली.

या कार्यक्रमाहून परतलेली मंडळी ज्या तक्रारी करतात, त्यांतल्या बहुतेक तक्रारींचे मूळ एकाच गैरसमजात असते, असे माझे मत झाले आहे. कोणी याला हॉटेल समजून जाते, म्हणजे आपण केव्हाही पोहोचू, हवे ते मागवू आणि निवांत बसू अशा हिशेबाने; कोणी याला नाटक समजते आणि तिसऱ्या घंटेच्या पाच मिनिटे आधी दारात हजर होते. प्रत्यक्षात हा प्रकार आपल्याकडच्या लग्नातल्या पंगतीच्या जवळ जाणारा आहे. शेकडो माणसे एकाच वेळी बसतात, सर्वांना तेच ताट एका ठरावीक क्रमाने वाढले जाते, वाढपी पुढे सरकला की मागे राहिलेल्याची गैरसोय होते आणि कोणाला काय वर्ज्य आहे हे पंगत बसण्यापूर्वी सांगायचे असते, पान वाढून झाल्यावर नव्हे. एवढे ध्यानात ठेवले तरी पुढच्या चुका बऱ्याच अंशी टळतात.

शहर एक, किल्ला दुसरीकडे

पहिली चूक तिकीट काढतानाच होते. बोलताना आपण ‘न्यूयॉर्कचा किल्ला’, ‘शिकागोचा किल्ला’ असे म्हणतो, परंतु यांतले बहुतेक किल्ले त्या शहरांत नाहीतच. न्यूयॉर्कचा म्हणतात तो हडसन नदीपलीकडे न्यू जर्सीतील लिंडहर्स्टला आहे. शिकागोचा शॉमबर्ग या उपनगरात आहे. ऑर्लॅंडोचा किसिमीत, लॉस एंजेलिसचा ब्युएना पार्कमध्ये, बाल्टिमोरचा हॅनोव्हरला आणि अटलांटाचा लॉरेन्सव्हिलला. मॅनहॅटनमध्ये उतरलेल्या पाहुण्यांनी ‘शहरातच आहे, टॅक्सीने जाऊ’ असा बेत केला, तर भाड्याचा आकडा पाहून तिकिटाची किंमत स्वस्त वाटू लागेल. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी किल्ल्याचा नेमका पत्ता नकाशावर पाहावा आणि ज्या दिवशी, ज्या वेळी निघायचे आहे त्याच वेळेचा प्रवासकाळ तपासावा.

लिंडहर्स्टच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. जवळच्याच ईस्ट रुदरफोर्डमध्ये न्यूयॉर्कच्या जायंट्स आणि जेट्स या दोन्ही अमेरिकन फुटबॉल संघांचे मैदान आहे. सप्टेंबरपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत, विशेषतः रविवारी, तिथे सामना असला की आसपासचे सगळे रस्ते तुंबतात. न्यू जर्सीतल्याच एडिसनहून निघालेले कुटुंब अशा दिवशी नेहमीच्या वेळेच्या भरवशावर राहिले, तर पंगत चुकलीच म्हणून समजावे. टोरांटोचा किल्ला एक्झिबिशन प्लेसच्या आवारात आहे आणि त्याच आवारात ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत मोठी वार्षिक जत्रा भरते. त्या दिवसांत तिथे गाडी लावण्याचा विचार सोडून देऊन लोकल रेल्वे किंवा ट्रामने जाणे शहाणपणाचे.

तिकिटावरची वेळ ही पोहोचण्याची वेळ नव्हे

तिकिटावर सात वाजता असे छापलेले असले, तर त्या वेळी रिंगणातला कार्यक्रम सुरू व्हायचा असतो. दरवाजे त्याच्या तासभर ते दीड तास आधी उघडतात आणि त्या अवधीत बरीच कामे उरकायची असतात. खिडकीवर नाव सांगून बसण्याच्या विभागाचा रंग आणि त्या रंगाचा कागदी मुकुट घ्यायचा, फोटोची रांग पार करायची, बाहेरच्या मोठ्या दालनात थांबायचे आणि आपल्या रंगाचा पुकारा झाला की आत जायचे. प्रत्यक्ष खेळ साधारण दोन तासांचा असतो आणि आपल्या नाटकांसारखे मध्यंतर त्यात नसते. म्हणून स्वच्छतागृहात जाऊन येणे हे दालनात थांबलेले असतानाच करावे. मुलांच्या बाबतीत तर सक्तीने.

उशीर झालाच तर काय करावे? वाटेत असतानाच किल्ल्याच्या क्रमांकावर फोन करून कळवावे आणि आत गेल्यावर आपल्या विभागाच्या वाढप्याला कोणते पदार्थ वाढून झाले आहेत हे लगेच विचारावे. न विचारता मुकाट बसून राहणे आणि घरी परतल्यावर सूप मिळालेच नाही म्हणून हळहळणे, हा आपल्या लोकांचा एक खास संकोच आहे. तो इथे कामाचा नाही.

भारतातून नुकत्याच आलेल्या पाहुण्यांसाठी वेळेचा आणखी एक हिशेब मांडावा लागतो. उन्हाळ्यात न्यू जर्सीत संध्याकाळचे सात वाजलेले असतात तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेचार झालेले असतात. विमानातून उतरल्यानंतर दोन-तीन दिवसांत आई-बाबांना संध्याकाळच्या खेळाला नेले, तर तलवारींच्या खणखणाटातही त्यांची मान खाली पडणार आणि महागाचे तिकीट डुलक्यांत जाणार. पहिला आठवडा सोडून द्यावा. हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहितो. चूक सर्वस्वी माझी होती आणि वडिलांनी ती अजून विस्मरणात जाऊ दिलेली नाही.

जेवण: इथेच खरी गफलत होते

ठरलेल्या ताटात टोमॅटोचे सूप, लसूण लावलेला पाव, भाजलेली कोंबडी, मक्याचे कणीस, मसाला लावून भाजलेला बटाटा आणि शेवटी केकसारखा एखादा गोड पदार्थ असतो. काटे-चमचे दिले जात नाहीत. सूप कान असलेल्या वाडग्यातून थेट ओठांना लावून प्यायचे आणि बाकी सगळे हाताने खायचे. अमेरिकन पाहुण्यांना यात मोठी गंमत वाटते. आपल्याला त्यात काही नवे नाही, आणि वरण-भात हाताने कालवणाऱ्या आजोबांना तर अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदाच घरी जेवल्यासारखे वाटण्याची शक्यता आहे. तरीही कोंबडीचा मोठा तुकडा गरम आणि तेलकट असतो, हात धुवायला मध्येच उठता येत नाही, म्हणून ओले रुमाल पिशवीत असू द्यावेत आणि पांढरा झब्बा किंवा भारीतली साडी त्या दिवशी कपाटातच राहू द्यावी.

जाता जाता एक निरीक्षण नोंदवतो. कथानक अकराव्या शतकातल्या स्पेनमध्ये घडते असे सांगितले जाते, आणि ताटातले टोमॅटो, मका व बटाटा हे तिन्ही पदार्थ मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबस १४९२ साली तिकडे पोहोचण्यापूर्वी युरोपातल्या कोणत्याही राजाने ते चाखलेले असणे शक्य नाही. आपणही हसण्याचे कारण नाही. हे पदार्थ आपल्याकडे पोर्तुगीजांच्या येण्यानंतरचेच आणि ‘बटाटा’ हा शब्दही त्यांच्याकडूनच आलेला, तरी त्याच्यावाचून आपला उपवासही पार पडत नाही. सरदारांच्या अंगावरचे चिलखत आणि भाल्यांच्या झुंजीचा थाट हेही बरेचसे अकराव्या शतकानंतरचे आहेत. तात्पर्य, इतिहासाचा धडा म्हणून मुलांना इथे नेऊ नये. करमणूक म्हणून न्यावे आणि चुका शोधण्याचा खेळ परतीच्या गाडीत खेळावा.

शाकाहारी मंडळींसाठी वेगळे ताट मिळते. त्यात कडधान्यांचा रस्सा व भात अशा धर्तीचा मुख्य पदार्थ असतो. मात्र ते मागावे लागते, आपोआप येत नाही. इथे सर्वांत जास्त घोटाळे होतात, कारण तिकीट एकजण काढतो, शाकाहारी दुसराच असतो आणि ‘तिथे गेल्यावर सांगू’ यावर सगळे निर्धास्त असतात. दिवे मंदावतात, वाढपी एका हाताने ट्रे सांभाळत भराभर कोंबडी वाढत पुढे जातो आणि सासूबाईंच्या पानात नको ते पडते. यासाठी शाकाहारी ताटे किती हवीत हे तीनदा सांगावे: तिकीट काढताना, खिडकीवर नाव सांगताना, आणि वाढपी पहिल्यांदा समोर येईल तेव्हा, कोणत्या खुर्चीवरच्या माणसाला हवे ते बोट दाखवून. चुकून मांसाहारी पान आलेच, तर त्यातली कोंबडी बाजूला सारून उरलेले खाण्याची तडजोड करू नये. पूर्ण पान बदलून मागावे. रस्सा-भातासाठी चमचा हवा असल्यास तोही मागावा.

‘व्हेजिटेरियन’ या शब्दाचा तिकडचा अर्थ आणि आपला अर्थ यांतली तफावतही विसरू नये. तिकडे अंडे शाकाहारात चालते, त्यामुळे अंडे वर्ज्य असणाऱ्यांनी केकबद्दल वेगळे विचारावे, आणि सूप कशाच्या पाण्यात शिजवले आहे याचीही चौकशी करावी. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना किंवा चतुर्थी-एकादशीचा उपवास असणाऱ्यांना या ताटात फारसे काही सापडणार नाही, हे आधीच मान्य करून दुसरा दिवस निवडावा. शेंगदाणे, दूध किंवा गहू यांची ॲलर्जी असल्यास संदेश टाकून न थांबता फोनवर माणसाशी बोलावे.

बसण्याची जागा

एकत्र जाणाऱ्या तीन कुटुंबांनी आपापली तिकिटे स्वतंत्र काढली, तर एक घर हिरव्या सरदाराकडे आणि दुसरे निळ्याकडे बसण्याचा संभव असतो, आणि रिंगणापलीकडून एकमेकांना हात करण्यात संध्याकाळ जाते. तिकिटे एकाच नावावर, एकाच व्यवहारात काढावीत. ते जमले नसेल, तर सर्वांनी दारात भेटून खिडकीवर एकत्रच जावे. जास्त पैसे भरून पुढच्या रांगा मिळतात. लहान मुले बरोबर असतील तर तो खर्च मला योग्य वाटतो, कारण सरदार आपल्या विभागाकडे फुले फेकतात ती बहुधा पुढच्या ओळींतच पडतात. केवळ मोठी माणसे असतील, तर मागच्या उंच ओळीतून रिंगण उलट अधिक चांगले दिसते.

गुडघ्यांचा त्रास असलेल्या किंवा व्हीलचेअर वापरणाऱ्या ज्येष्ठांसाठी पायऱ्या न चढता बसता येईल अशी जागा तिकीट काढतानाच मागून घ्यावी. आयत्या वेळी ती मिळेलच असे नाही. बंदिस्त जागेत घोडे आणि वाळू असल्यामुळे धूळ व तबेल्याचा वास असतो. दमेकऱ्यांनी पंप खिशात ठेवावा. धूर, लखलखणारे दिवे आणि कानठळ्या बसवणारा आरडाओरडा हाही खेळाचाच भाग आहे. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना आवाज कमी करून ठेवायला सांगावे आणि तान्ह्या बाळांना शक्यतो घरी ठेवावे. तलवारी एकमेकींवर आपटून ठिणग्या उडतात तेव्हा चार-पाच वर्षांची मुले घाबरतात; ही नाटकातली लढाई आहे, पडलेला माणूस उठून घरी जेवायला जातो, हे गाडीतच समजावून सांगितलेले बरे.

पैशांचा हिशेब

तिकिटाच्या दिसणाऱ्या किमतीवर कर आणि शुल्क चढते आणि वाढप्याची टिप त्यात धरलेली नसते. अमेरिकेत टिप ही मर्जीची बाब मानली जात नाही, त्यामुळे थोडी रोख रक्कम जवळ असावी. दारात काढलेला फोटो छापून टेबलाशी आणला जातो. तो घेतलाच पाहिजे असे बंधन नाही आणि नम्र नकाराने कोणी रागावत नाही. झेंडे, चमकत्या तलवारी आणि राजकन्येचे मुकुट यांच्या दुकानासमोरून मुलांना न्यावेच लागते, म्हणून एका मुलाला एकच वस्तू हा करार घरातून निघण्यापूर्वी व्हावा. सवलतीचे तिकीट घेताना ते कोणत्या किल्ल्यासाठी, कोणत्या तारखांना चालते आणि बेत बदलल्यास तारीख बदलून मिळते की नाही, या अटी पैसे भरण्याआधी वाचाव्यात.

खेळ संपताच गाडीकडे धाव घेणे ही शेवटची चूक. त्या क्षणी सगळेच निघालेले असतात आणि गाड्या जागच्या जागी अडकून पडतात. त्याच वेळी बाहेरच्या दालनात सरदार मंडळी प्रेक्षकांना भेटायला येतात, मुलांबरोबर फोटो काढू देतात. वीस मिनिटे तिथे थांबावे, हात स्वच्छ धुवावेत आणि आजोबांचा कागदी मुकुट खुर्चीवर विसरला नाही ना, एवढे पाहून निघावे.