‘होल्ड्स द टायटल ऑफ’ लिहिताना या चुका टाळा

इंग्रजीतून परिचय, अर्ज किंवा शिफारसपत्र लिहिताना पद अथवा किताब सांगण्यासाठी ‘होल्ड्स द टायटल ऑफ’ हा औपचारिक शब्दप्रयोग वापरला जातो. तो चुकला, तर त्या व्यक्तीविषयी खोटा दावा केल्यासारखे होते, म्हणून येथे काटेकोर राहायलाच हवे.

सर्वांत गंभीर चूक काळाची. मॅग्नस कार्लसन २०१३ ते २०२३ या काळात बुद्धिबळाचा जगज्जेता होता. ग्रँडमास्टर हा किताब मात्र त्याला २००४ मध्ये मिळाला आणि तो किताब आजीव असतो. त्यामुळे एकाच व्यक्तीविषयी ‘हेल्ड द टायटल ऑफ वर्ल्ड चेस चॅम्पियन फ्रॉम २०१३ टू २०२३’ आणि ‘हॅज हेल्ड द टायटल ऑफ ग्रँडमास्टर सिन्स २००४’ अशी दोन वेगळी रूपे लिहावी लागतात. पहिल्या वाक्यात ‘होल्ड्स’ लिहिले, तर गेलेले पद अजून त्याच्याकडेच आहे असा अर्थ होतो. ‘भूषवत आहेत’ हे मराठी रूप मनात असल्याने अनेकजण ‘इज होल्डिंग’ लिहितात. पद असणे ही स्थिती असल्यामुळे तेथे साधा वर्तमानकाळच योग्य.

‘ऑफ’नंतर पदाचे नाव थेट यावे. ‘ऑफ अ डायरेक्टर’ किंवा ‘टायटल अ‍ॅज डायरेक्टर’ नको, ‘ऑफ डायरेक्टर’ पुरे. ‘द’ गाळून पुढे ‘टू’ घातले, म्हणजे ‘होल्ड्स टायटल टू द लँड’ असे लिहिले, तर विषय पदाचा न राहता जमिनीच्या मालकीहक्काचा होतो. कायदेशीर कागदपत्रांत हा फरक फार महागात पडू शकतो. व्यक्तीच्या पदासाठी ‘इज एन्टायटल्ड डायरेक्टर’ हेही चूकच, कारण ‘एन्टायटल्ड’ हा शब्द हक्क असण्यासाठी किंवा पुस्तक-लेखाच्या शीर्षकासाठी आहे.

पदवीसाठी हा प्रयोग करू नये. तेथे ‘होल्ड्स अ मास्टर्स डिग्री इन’ असे लिहावे.

नेहमीच्या नोकरीसाठी, माझ्या मते, ‘इज द डायरेक्टर’ इतके साधे वाक्य अधिक चांगले. पदनाम आणि प्रत्यक्ष काम वेगळे असते, तेथे मात्र हा शब्दप्रयोग खरोखर उपयोगी पडतो: निवृत्तीनंतर सन्मानाने दिलेल्या पदनामासाठी ‘होल्ड्स द टायटल ऑफ प्रोफेसर इमेरिटस’ हे अचूक आहे, कारण त्यातून मान सांगितला जातो आणि ती व्यक्ती अजून नियमित सेवेत आहे असे सूचित होत नाही.