सेंद्रिय पारा हाताळताना या चुका टाळा

ठाणे–बेलापूर रस्त्यालगतच्या रबाळे, महापे, पावणे या औद्योगिक पट्ट्यात पारा म्हटले की फुटलेल्या तापमापकातून घरंगळणारे चंदेरी थेंबच आठवतात. डायमिथाइल मर्क्युरी हे सेंद्रिय, म्हणजे कार्बनशी जोडलेल्या पाऱ्याचे संयुग मात्र पाण्यासारखे रंगहीन असते, त्याची वाफ सहज होते आणि ते त्वचेतूनही शरीरात शिरते.

सर्वात महागात पडणारी चूक हातमोज्यांची आहे. 14 ऑगस्ट 1996 रोजी अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्रज्ञ कॅरेन वेटरहान यांच्या लॅटेक्सच्या हातमोज्यावर या द्रवाचे एक-दोन थेंब पडले. त्या फ्यूम हूडखालीच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटातच) काम करत होत्या, म्हणजे तेव्हाच्या समजुतीप्रमाणे त्यांची काहीच चूक नव्हती. सुमारे पाच महिन्यांनी तोल जाणे, बोलणे अडखळणे सुरू झाले. रक्तात लिटरमागे सुमारे 4000 मायक्रोग्रॅम पारा आढळला आणि 8 जून 1997 रोजी त्यांचा मृत्यू झाला. असे पातळ लॅटेक्स हा द्रव 15 सेकंदांत पार करतो, हे नंतरच्या चाचण्यांत दिसले. म्हणून आत बहुस्तरीय लॅमिनेटचा आणि त्यावर लांब बाह्यांचा जाड निओप्रीनचा, असे दोन हातमोजे हवेत. त्याहून बरे म्हणजे हे रसायन मागवूच नये.

दुसरी चूक तपासणीची, आणि ती करणारे बहुधा अनुभवी लोकच असतात. धातुरूप पाऱ्यासाठी लघवीची तपासणी योग्य असते. डायमिथाइल मर्क्युरीचे शरीरात मिथाइल मर्क्युरी होते आणि ते मात्र मुख्यतः पित्तावाटे विष्ठेतून बाहेर पडते, त्यामुळे लघवीचा ‘नॉर्मल’ अहवाल फसवा ठरतो. ते बहुतांशी तांबड्या पेशींत असल्याने सीरमही (रक्तातील पेशी वगळून उरलेला द्रवही) उपयोगाचे नाही, संपूर्ण रक्तच तपासावे लागते. आपल्याकडे मुशी, सुरमई आवडीने खाल्ली जाते आणि मोठ्या माशांतूनही हेच संयुग रक्तात येते, म्हणून कामावर रुजू होतानाची पातळी नोंदवलेली नसेल तर पुढचा आकडा कारखान्याचा की ताटातला, हे सांगणे कठीण होते.

ओठांभोवती व बोटांत मुंग्या येणे, नजरेचा घेर आकसणे ही लक्षणे मानेच्या दुखण्यावर किंवा जीवनसत्त्वाच्या कमतरतेवर ढकलू नयेत. डॉक्टरांना नुसते ‘पारा’ न सांगता संयुगाचे पूर्ण नाव चिठ्ठीवर लिहून द्यावे, कारण धातुरूप पाऱ्याच्या विषबाधेत वापरले जाणारे डायमरकॅप्रॉल हे औषध मिथाइल मर्क्युरीच्या विषबाधेत दिल्यास पारा उलट मेंदूकडे जाऊ शकतो.