‘मर्यादित’ म्हणजे नेमकं काय मर्यादित?

ॲनिमेचा, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेचा, बॉक्ससेट घ्यायचा म्हटलं की मी आधी वहीच्या मागच्या पानावर भागाकार करते: किंमत भागिले एपिसोड. जपानी ब्लू-रेचा जुना साचा ठरलेला. एका डिस्कवर दोन एपिसोड, किंमत सात हजार येनच्या आसपास. म्हणजे 12 एपिसोडची मालिका सहा खंडांत, 42,000 येनला. चोवीस मिनिटांच्या एका एपिसोडला 3,500. तीच मालिका अमेरिकेत बहुधा एकाच खोक्यात येते आणि साठ-सत्तर डॉलरांत भागतं. पहिल्यांदा हा हिशेब मांडला तेव्हा वाटलं, आपलंच एखादं शून्य जास्त पडलंय.

शून्य बरोबर होतं. 1983 मध्ये ‘डॅलोस’ या मालिकेपासून थेट व्हिडिओवर येणारी ॲनिमे सुरू झाली, ती कॅसेट भाड्याने देणारी दुकानं आणि मोजके दर्दी डोळ्यांपुढे ठेवून. पुढे मध्यरात्रीनंतर लागणाऱ्या मालिका आल्या. त्यांचा टीव्हीवरचा वेळ निर्मात्यांची समितीच (मालिकेत पैसे घालणाऱ्या कंपन्या) पैसे मोजून घेते. टीव्हीवर दिसायची ती जाहिरात, विकायचा माल डिस्क! काही हजार गिऱ्हाइकांकडून खर्च वसूल करायचा तर दर असाच निघणार. आता स्ट्रीमिंगचा पैसा येतो, त्यामुळे डिस्क उरली ती चाहत्यांपुरती, आणि खोक्यात भरण्याच्या वस्तू वाढल्या.

शिवाय ब्लू-रे डिस्कला विभाग असतात, एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर सहसा चालत नाही. जपान आणि अमेरिका दोन्ही A विभागात. स्वस्त अमेरिकी डिस्क जपानी गिऱ्हाईकच मागवेल, ही धास्ती जपानी कंपन्यांना कायम असते. म्हणूनच 2011 मध्ये ‘कारा नो क्योकाई’ या चित्रपटमालिकेचा ब्लू-रे संच अमेरिकेत 400 डॉलरच्या घरात लागला होता. काही अमेरिकी डिस्कवर जपानी आवाज लावला की इंग्रजी सबटायटल्स बंदच होत नाहीत, तेही याच धास्तीपोटी.

आता मुख्य मुद्दा. जपानी खोक्याच्या कडेला कागदाची अरुंद पट्टी असते, तिला ओबी म्हणतात. किंमत, विक्रीची तारीख आणि आवृत्तीचा प्रकार तिच्यावरच छापलेला असतो, त्यामुळे सील फोडताना ती फाडू नका. ‘शोकाई गेन्तेई’ म्हणजे पहिल्या खेपेपुरती. ती संपली की साधी आवृत्ती येते, डिस्क बहुतेक वेळा तीच. ‘कान्झेन सेइसान गेन्तेई’ म्हणजे या रूपात पुन्हा निघणार नाही. आणि ‘किकान गेन्तेई’ ठरलेल्या मुदतीपुरती. गंमत म्हणजे ही कित्येकदा स्वस्तातली असते. नुसतं ‘मर्यादित’ वाचून घाई केली तर आपण मालिकेचे नाही, पुठ्ठ्याचे पैसे मोजतो.

आत काय आहे ते एकेक करून तपासा. जाड पुस्तिका आणि संगीताची सीडी यांना मी किंमत देते. कलाकारांच्या कार्यक्रमाच्या तिकिटासाठीच्या सोडतीची मुदत मात्र डिस्क सेकंडहँडने हाती येईपर्यंत उलटून गेलेली असते. जपानी डिस्कवर इंग्रजी सबटायटल्स बहुधा नसतात, हेही आधीच पाहा. आणि छापील किमतीला बिचकू नका: जपानमध्ये पुस्तकं आणि सीडी ठरलेल्या दरानेच विकतात, व्हिडिओला तो नियम लागू नाही. प्री-ऑर्डरला सवलत मिळते.

अमेरिकी माल असेल तर थांबा. तिथे महाग खोक्यामागून वर्ष-दोन वर्षांत बरेचदा साधी आवृत्ती येते. फनिमेशन या अमेरिकी कंपनीने तर ‘एस.ए.व्ही.ई.’ नावाची स्वस्त मालिकाच काढली होती. ब्रिटनच्या ‘ॲनिमे लिमिटेड’चीही रीत तीच: आधी कलेक्टर एडिशन, मागून साधी. पण त्यांच्या डिस्क B विभागाच्या. (चीन, रशिया, भारत C मध्ये.) प्लेअरचा विभाग न बघता मी एकदा ब्रिटिश खोका मागवला, दोन वर्षं तो नुसता शोभेला होता. ‘डिस्कोटेक’ या अमेरिकी कंपनीचं उलटं. जुन्या मालिकांचे ढीगभर एपिसोड ते एकाच ब्लू-रेवर बसवतात. खोका दिसायला फाटका, पण भागाकार सुंदर.

पन्नास एपिसोड चार-पाच डीव्हीडींवर, वर ‘ऑल रीजन’ आणि प्रकाशकाचं नाव कुठेच नाही, असं दिसलं तर ती चोरटी प्रत समजा.

सेकंडहँड घेणार असाल तर मांदाराके किंवा सुरुगाया ही जपानी दुकानं, मध्यस्थामार्फत. टपालखर्च आणि कस्टम ड्युटी भागाकारात आधीच धरा. सुटे खंड मूळ किमतीच्या पाव दरातही मिळतात. मी एका मालिकेचे सात खंड असेच एकेक करून जमवले. शेवटचा आल्यावर लक्षात आलं की सातही ठेवायचा सचित्र खोका मुळात कुठल्याच खंडाबरोबर नव्हता. एका दुकानातून सगळे खंड घेणाऱ्यालाच तो भेट मिळायचा. विक्रेत्याला पत्र लिहिण्यात अर्थ नव्हता, वर्णनात त्याने काही लपवलं नव्हतं. जपानी सेकंडहँड दुकानं असे रिकामे खोकेही विकतात. सहा महिन्यांनी एक सापडला, कोपरा जरा चेपलेला. त्याला जे पडले, त्यात दोन खंड आले असते.