रोहू-कटल्याच्या खाद्यातील प्रथिने: या चुका टाळा

मुरबाड-शहापूरकडे भातगिरणीचा कोंडा सहज मिळतो, म्हणून शेततळ्यात तीन किलो कोंड्याला एक किलो शेंगदाणा पेंड असे मिश्रण पडते. पेंडीत साधारण ४२ टक्के प्रथिने, कोंड्यात १२. म्हणजे माशाला मिळाले जेमतेम २० टक्के. एवढ्यावर रोहू रेंगाळतो, आणि चिरला की आतड्याभोवती पांढरी चरबी निघते. कोंड्यातली ऊर्जा मांसात न जाता तिथे साठते. पेंड आणि कोंडा वजनाने समसमान घ्या, प्रमाण २७ टक्क्यांवर येते. घमेल्याने मोजू नका, कोंडा हलका असतो.

वाढत्या रोहू-कटल्याला २५ ते २८ टक्के पुरतात. बोटुकलीला (बोटभर पिलांना) ३० ते ३५ लागतात, जिऱ्यांना (नुकत्याच निघालेल्या पिलांना) त्याहून थोडी जास्त.

नुसत्या शेंगदाणा पेंडीवर विसंबणेही चूक, कारण तिच्यात लायसिन आणि मेथिओनिन हे प्रथिनांचे आवश्यक घटक कमी असतात. थोडी पेंड काढून सोयापेंड आणि ५ ते १० टक्के बिनमिठाच्या सुकटीचा भुगा घाला. मीठ लावलेली सुकट नको. पावसाळ्यात पेंडीला बुरशी लागून अफ्लाटॉक्सिन तयार होते आणि ते माशाचे यकृत बिघडवते. बुरसलेली पेंड उन्हात वाळवली तरी विष जात नाही, फेकूनच द्या. जून ते सप्टेंबर पंधरा दिवसांपुरतीच पेंड आणा आणि गोणी फळीवर ठेवा.

दुसरे टोक म्हणजे कोळंबीचे ४० टक्क्यांचे महाग खाद्य आणून टाकणे. तळ्यात २०० ग्रॅमचे ५०० मासे, म्हणजे १०० किलो वजन. वजनाच्या ३ टक्क्यांनी रोज ३ किलो खाद्य. २८ टक्क्यांच्या खाद्यातून ८४० ग्रॅम प्रथिने जातात, ४० टक्क्यांच्या खाद्यातून १,२००. जादा ३६० ग्रॅमचे मांस होत नाही. मासा ती इंधनासारखी जाळतो आणि कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. प्लास्टिक अस्तराच्या तळ्यात तो मुरायला मातीही नसते.

इथे एक हमखास घोटाळा होतो. मासे तोंड वर काढू लागले की लगेच चुना मारला जातो. चुन्याने सामू (पाण्याचा pH) चढतो आणि अमोनिया जास्त विषारी रूपात जातो. आधी दुपारी तीन-चारला सामू आणि अमोनिया तपासा, सामू तेव्हाच सर्वांत वर असतो. अमोनिया जास्त निघाला तर दोन दिवस खाद्य बंद ठेवा, तळातले १० ते २० टक्के पाणी बदला, रात्रभर एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) चालवा. मासे फक्त पहाटे वर येत असतील आणि ऊन चढल्यावर खाली जात असतील, तर दुखणे प्राणवायूचे आहे. ढगाळ दिवसांत ते जास्त दिसते. तेव्हा खाद्य निम्मे करा.

खाद्य अंदाजाने वाढवू नका. महिन्यातून एकदा पाग (फेकजाळे) टाकून २०-२५ मासे तोला. खाद्याच्या ताटात दोन तासांनी उरले असेल तर दुसऱ्या दिवशी कमी घाला.

विक्रीत फटका बसतो तो मातकट वासाचा. पाण्यात उरलेल्या नत्र-स्फुरदावर निळे-हिरवे शेवाळ माजते आणि त्याचा वास मांसात उतरतो. पापलेट-बोंबलावर वाढलेले ठाण्या-कल्याणचे गिऱ्हाईक असा मासा पुन्हा घेत नाही. पाणी गर्द हिरवे असेल तर काढणीआधी मासे आठवडाभर स्वच्छ पाण्यात ठेवा आणि शेवटचा दिवस उपाशी ठेवा, म्हणजे पोटही रिकामे होते.