कार्डचं सेटलमेंट करताय? आधी लेटर, मग पैसे

क्रेडिट कार्ड किंवा पर्सनल लोन थकलं की रिकव्हरीवाला फोनवर गोड बोलतो, सर आज एवढे भरा बाकी माफ. त्या बोलण्याला काडीची किंमत नाही. बँकेच्या लेटरहेडवर किंवा अधिकृत मेलवरून सेटलमेंट लेटर आल्याशिवाय एक रुपया सोडू नका, त्यात लोन नंबर, रक्कम, शेवटची तारीख आणि यानंतर काही बाकी नाही हे वाक्य आहे का ते नीट बघा, आणि पैसे थेट लोन खात्यात, एजंटच्या यूपीआयवर अजिबात नाही. मग नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नाही असं बँकेचं सर्टिफिकेट, घ्याच. सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जांच्या रेकॉर्डवर, मात्र 'क्लोज्ड' नाही 'सेटल्ड' दिसतं आणि पुढे होमलोनला ते आडवं येतं, सो झेपत असेल तर पूर्ण भरलेलंच बरं.

घाबरून पीएफ तर मोडूच नका, पीएफ खात्यातली रक्कम अशा कर्जापायी कोर्टसुद्धा जप्त करू शकत नाही, पगारातलेही पहिले १००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सेफ असतो, सीपीसीचं (दिवाणी प्रक्रिया संहितेचं) कलम ६० वाचा. आणि हो, एजंटने सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन केला तर स्क्रीनशॉट काढून ठेवा, तक्रार करताना कामाला येतो.