हेडसेटमध्ये काळोख? आधी पोर्ट बघा

व्हीआर हेडसेट, म्हणजे आभासी जग दाखवणारा डोळ्यांवरचा चष्मा, लॅपटॉपला जोडला, आवाज येतोय, पण डोळ्यांसमोर मिट्ट काळोख. अशा वेळी लोक घाईघाईने ड्रायव्हर उडवतात, सगळं सॉफ्टवेअर नव्याने टाकतात. त्याआधी वायर कुठे खुपसली आहे ते बघा.

१. हेडसेटला काय हवंय?
व्हॉल्व्ह इंडेक्स, ऑक्युलस रिफ्ट एस यांना चित्राचा थेट सिग्नल लागतो, तोही डिस्प्लेपोर्टमधून, शिवाय यूएसबी ३. मेटा क्वेस्ट २ आणि ३ ची तऱ्हा वेगळी. त्यांचं चित्र लॅपटॉपमध्येच कॉम्प्रेस होतं आणि यूएसबीतून साध्या डेटासारखं जातं. म्हणून क्वेस्टसाठी एचडीएमआय शोधत बसू नका.

२. डिस्प्लेपोर्टवाले हेडसेट
लॅपटॉपवर बहुधा मिनी डिस्प्लेपोर्ट किंवा यूएसबी-सी मिळतं. पण प्रत्येक यूएसबी-सीतून व्हिडिओ येत नाही. काही पोर्ट फक्त डेटा आणि चार्जिंगपुरते असतात. लॅपटॉपचं स्पेसिफिकेशन वाचा.

मी हे न वाचता लॅमिंग्टन रोडवरून एचडीएमआयचं कन्व्हर्टर घेऊन आलो होतो. दुकानदार म्हणाला, "चालेल साहेब." नाही चाललं. ते डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारं होतं, आणि मला हवं होतं नेमकं उलटं. साध्या कन्व्हर्टरमधून सिग्नल उलटा जात नाही.

पोर्ट बरोबर असूनही चित्र नसेल, तर लॅपटॉपमधल्या चित्र तयार करणाऱ्या दोन ग्राफिक्स चिप तपासा: एक प्रोसेसरमधली, एक एनव्हिडियाची. एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडा, 'कॉन्फिगर सराउंड, फिजएक्स'वर जा. कोणतं पोर्ट कोणत्या चिपला जोडलंय याची आकृतीच तिथे दिसते. तुमचं पोर्ट इंटेलच्या, म्हणजे प्रोसेसरमधल्या चिपच्या, चौकटीत असेल तर दुसरं पोर्ट वापरून बघा. ही वायरिंग कारखान्यातच झालेली असते, ड्रायव्हर बदलून ती हलत नाही.

३. क्वेस्टवाले
चार्जिंगच्या बऱ्याच वायरी यूएसबी २ च्या असतात, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट. यूएसबी ३ ला ५ गिगाबिट मिळतात. मेटाच्या पीसी अ‍ॅपमध्ये वायरीची चाचणी आहे. आकडा एक गिगाबिटच्याही खाली आला तर वायर किंवा पोर्ट बदला. मधला हब (एका पोर्टची अनेक पोर्ट करणारा डबा) काढून टाका.

आणि हेडसेट एकदा डोक्यावर चढवा. परवानगीचा प्रश्न हेडसेटच्या आत येतो. माणूस लॅपटॉपकडे टक लावून बसतो आणि 'अलाउ'चं बटण आत वाट बघत राहतं.

४. चित्र येतं आणि जातं
चार्जर लावा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी रूट हब', त्यात 'पॉवर मॅनेजमेंट', आणि वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करण्याच्या पर्यायावरची टिक काढा.

५. बिनवायरी
क्वेस्टला वायफायवरून लॅपटॉपशी जोडणारं एअर लिंक अडखळत असेल तर लॅपटॉप राउटरला लॅन केबलने जोडा, हेडसेट ५ गिगाहर्ट्झवर ठेवा, आणि राउटर त्याच खोलीत असू द्या.

एचपी रिव्हर्ब जी२ असेल तर मात्र सगळ्यात आधी स्टार्टमध्ये 'विनव्हर' (winver) टाइप करून विंडोजची आवृत्ती बघा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने हा हेडसेट चालवणारी मिक्स्ड रिअ‍ॅलिटीच काढून टाकली आहे. तिथे वायर बिचारी निर्दोष आहे.