किनाऱ्यावरचे पक्षी मोजताय? मग या चुका टाळा

थंडी सुरू झाली की शिवडी, ऐरोली, उरण, आक्षी, आंजर्ले, जिथे जिथे चिखल किंवा वाळू आहे तिथे दुर्बिणवाले दिसायला लागतात. जानेवारीत एशियन वॉटरबर्ड सेन्सस, म्हणजे पाणपक्ष्यांची दरवर्षीची मोजणी असते, आपल्याकडे ती १९८७ पासून चालू आहे, आणि बाकी वर्षभर लोक ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर, याद्या टाकतच असतात. हा डेटा पुढे खरंच वापरला जातो, कुठली जात कमी होतेय, कुठली पाणथळ जागा वाचवायला हवी हे अशाच नोंदींवरून कळतं. म्हणूनच चुकीची किंवा अर्धवट नोंद बघितली की जीव तुटतो.

भरती-ओहोटी न बघता जाणं

सगळ्यात मोठी चूक हीच, बाकीच्या सगळ्या एकत्र केल्या तरी हिच्याएवढं नुकसान करत नाहीत. रविवार आहे, सकाळी सातला जमू, नऊला नाश्ता, असा प्लॅन ठरतो आणि समुद्राचं टाइमटेबल कुणी बघतच नाही. ओहोटीला पक्षी मैलभर पसरलेल्या चिखलावर चरायला गेलेले असतात, दुर्बिणीत नुसते ठिपके दिसतात. भरती चढली की तेच पक्षी मागे सरकत सरकत एखाद्या मिठागरावर, वाळूच्या दांड्यावर, खडकावर दाटीवाटीने येऊन बसतात. मोजायची वेळ ती.

आता हे इतकं महत्त्वाचं का, तर नवी मुंबईचं उदाहरण घ्या. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केलं, २०२२ मध्ये रामसर (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जाही मिळाला. पण भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की फ्लेमिंगो आणि छोटे वेडर्स (चिखलात-उथळ पाण्यात चरणारे किनारपक्षी) जातात कुठे? नेरुळचा डीपीएस तलाव, एनआरआय कॉम्प्लेक्स आणि टी. एस. चाणक्य या मर्चंट नेव्ही प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळ जागा, उरणकडचं पाणजे. या जागा म्हणजे त्यांचा भरतीतला आसरा. तुम्ही ऐन ओहोटीत तिथे गेलात तर तळं रिकामं दिसणार, तुम्ही यादीत चार बगळे लिहिणार, आणि सोबत भरतीची वेळ लिहिली नसेल तर वाचणारा म्हणणार की इथे काही विशेष पक्षी नाहीत, भराव टाकून जागा बुजवायला हरकत नाही. नोंद खरी असूनही तिचा अर्थ पूर्ण उलटा लागला!

अ‍ॅपवर भरतीचं टेबल मिळतंच, पण कोळीवाड्यातला जुना हिशोब पण लक्षात ठेवा, तिथीची पाऊणपट केली की मुंबईकडच्या पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, थोडं मागेपुढे. खाडीत आत आत गेलं की पाणी पोचायला उशीर होतो तेही धरा. आणि उधाण (मोठी भरती) आहे की भांग (छोटी भरती) हे बघा, कारण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला नेहमीची बसायची जागाच बुडते आणि थवा दुसरीकडे जातो, मग लोक लिहितात ‘यंदा पक्षी आलेच नाहीत’. आले होते हो, फक्त शेजारच्या मिठागरात होते. भरतीच्या दीडदोन तास आधी पोचा आणि नोंदीत पूर्ण भरतीची वेळ लिहा, एका ओळीचं काम आहे.

ओळख पटली नाही तरी नाव ठोकून देणं

हिवाळी पिसाऱ्यातले वेडर सगळे करडे-तपकिरी, त्यात ऊन समोरून. लेसर सँड प्लव्हर या छोट्या वेडरच्या तर २०२३ मध्ये दोन वेगळ्या जाती केल्या, तिबेटन आणि सायबेरियन, आपल्याकडे मुख्यतः तिबेटन येतो. त्याच थव्यात ग्रेटर सँड प्लव्हर पण असतो, चोच जाड आणि लांब, पाय लांब, पण एकटा उभा असेल तर तुलना कशाशी करणार. मोठ्या सीगलचं अजून अवघड, त्यांना पूर्ण वाढलेला पिसारा यायला साधारण चार वर्षं लागतात आणि प्रत्येक वर्षी दिसणं वेगळं. फोटो अ‍ॅपला दाखवला आणि त्याने सांगितलं तेच लिहिलं असं करू नका प्लीज. ई-बर्डवर नुसतं ‘सँड प्लव्हर’ किंवा ‘मोठा गल’ अशा लेव्हलला नोंद करायची सोय आहे, ती वापरण्यात काही कमीपणा नाही. दुर्मिळ नाव चुकून टाकलं की ते काढायला रिव्ह्यू करणाऱ्यांचा जीव जातो.

आकडा न लिहिणं, किंवा हवेतला आकडा लिहिणं

खूप होते म्हणून आकड्याच्या जागी एक्स (म्हणजे ‘दिसले, मोजले नाहीत’) टाकून मोकळं होतात. अंदाज का होईना आकडा लिहा. आधी दहा पक्षी मोजा, दहाचा घोळका केवढा दिसतो ते डोळ्यात बसवा, मग शंभरचा, आणि थव्यावरून पुढे सरकत जा. आपण मोठा थवा बहुतेक वेळा कमीच धरतो. फ्लेमिंगोचा फोटो काढून घरी चौकटी पाडून मोजलंत तर अजून चांगलं. दोन ग्रुप दोन बाजूंनी मोजत असतील तर वेळ जुळवा, नाहीतर तोच थवा दोन्हीकडे लागतो. साध्या जाती पण लिहायच्या, आणि गेलात नि काही दिसलं नाही तर ती पण नोंद करा, ‘नाही’ हा पण डेटा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्ग-संवर्धन संस्थेने ग्रे प्लव्हर आणि कर्ल्यू सँडपायपर हे वेडर ‘व्हल्नरेबल’ (धोक्यात आलेल्या) गटात टाकले, म्हणजे ज्यांना आपण ‘नेहमीचेच’ म्हणून सोडून देतो तेच कमी होतायत.

थवा उडवणं

फ्लाइट शॉटसाठी पळत जाणं, कुत्रा सोडणं, बीचवर गाडी घालणं, वरून ड्रोन. मार्च-एप्रिलमध्ये तर हे अजिबात नको, तेव्हा हे पक्षी उत्तरेला जायच्या आधी चरबी साठवत असतात, काही जाती जवळजवळ दुप्पट वजन करतात, आणि प्रत्येक वेळी उडवलं की त्यातलं थोडं जळतं. पक्षी चरायचं थांबवून मान वर करून बघायला लागले की तिथेच थांबा, जमलं तर मागे व्हा. घरट्यांचं लोकेशन कधीच टाकू नका, केंटिश प्लव्हर उघड्या वाळूतच अंडी घालतो आणि समुद्री गरुड त्याच घरट्यात वर्षानुवर्षं येतो. लाँचवरून सीगलना गाठी-कुरकुरे टाकणं पण बंद करा, मीठ-तेल त्यांचं खाणं नाही.

पायातल्या झेंड्याचा अर्धाच फोटो

अभ्यासक पक्ष्यांच्या पायात ओळखीसाठी रंगीत फ्लॅग लावतात. तो दिसला तर वरचा रंग कुठला, खालचा कुठला, कुठला पाय, गुडघ्याच्या वर की खाली, आणि कोड वाचता आला तर कोड, हे सगळं लागतं. दिसला नाही तेवढा भाग ‘दिसला नाही’ असंच लिहा. मग तारीख-जागेसकट बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवा.

पावसाळ्यात सापडलेला पक्षी परत समुद्रात सोडणं

जून ते सप्टेंबर वादळी वाऱ्यात मास्क्ड बूबी, नॉडी, सूटी टर्नसारखे खोल समुद्रातले पक्षी थकून किनाऱ्यावर येऊन पडतात. लोक दया म्हणून लाटेत ढकलतात. तो तिथूनच थकून आलाय, त्याला परत पाठवू नका. दूध, पाव, जबरदस्तीने पाणी, काहीही देऊ नका. ग्लोव्हज घाला, टॉवेल टाकून उचला, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात शांत ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ हेल्पलाइनला फोन करा. चेहरा लांब ठेवा, बूबीची चोच सरळ डोळ्यावर येते. पण म्हणून तिची चोच दोरीने किंवा टेपने बांधू नका, बूबीला बाहेरून नाकपुड्या उघड्या नसतात, ती तोंडाच्या कडेनेच श्वास घेते, बांधली की गुदमरते. मेलेला पक्षी सापडला तर उघड्या हाताने उचलू नका, बर्ड फ्लूची शक्यता असते, चोच, पंख आणि पाय दिसतील असे फोटो काढा, पायात रिंग असेल तर तिच्यावरचा नंबर नीट येऊ दे, आणि ते पण कळवा.